थंड समुद्रात कयाक: वेटसूट घ्यावा की ड्रायसूट?

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बडोद्याहून स्कॉटलंड, व्हँकुव्हरकडे गेलेल्या कुणाला सी कयाकिंगचा, म्हणजे समुद्रात कयाक ही अरुंद छोटी होडी वल्हवण्याचा नाद लागला, की आधी कपड्यांचा प्रश्न येतो. बाहेर छान ऊन असतं, टी-शर्टवरच निघावंसं वाटतं. पण कपडे पाण्याचं तापमान बघून घालायचे, आणि स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याचं पाणी ऐन ऑगस्टमध्येही १३-१४ अंशांच्या आसपास असतं. त्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात अनावर धाप लागते. ती सावरली तरी दहाएक मिनिटांत बोटं आणि दंड ऐकेनासे होतात, मग कयाकमध्ये परत चढणं जमत नाही. गारठून शुद्ध हरपायला साधारण तास लागतो, पण लाइफ जॅकेट नसेल तर माणूस त्याआधीच बुडतो.

वेटसूट निओप्रीनचा, म्हणजे बारीक हवेचे फुगे असलेल्या रबराचा. ऊब त्या फुग्यांमुळे राहते, आत शिरलेल्या पाण्यामुळे नव्हे. म्हणून तो अंगाला घट्टच हवा. कमरेशी किंवा पाठीत सैल असला तर दर हालचालीला थंड पाणी आत-बाहेर होतं. सर्फिंगचा पूर्ण बाह्यांचा सूट वल्हवताना खांदे आवळतो. कयाकसाठी ३ मिमीचा बिनबाह्यांचा सूट आणि वर पॅडलिंग जॅकेट बरं. स्वस्त, दणकट, फाटला तरी निम्मं काम करतोच. पाणी १५ अंशांच्या वर आणि किनारा जवळ असेल तर पुरतो.

पाणी त्याहून थंड असेल तर ड्रायसूटच. मात्र हा सूट स्वतः ऊब देत नाही, फक्त कोरडं ठेवतो. ऊब आतल्या लोकरीची किंवा फ्लीसची. आत सुती बनियन घातला की घामानेच भिजून गारठाल. खरी गोम मान आणि मनगटाच्या लॅटेक्स गॅस्केटमध्ये, म्हणजे पाणी अडवणाऱ्या घट्ट रबरी पट्ट्यांमध्ये आहे. नवं गॅस्केट गळा आवळतं म्हणून लोक लगेच कात्री लावतात, आणि जास्त कापलं तर पाणी झिरपतं. आधी योग्य मापाच्या स्टीलच्या डब्यावर रात्रभर ताणून ठेवा. तरीही आवळलं तरच एकेक कडं कापा. घालताना थोडी टाल्कम पावडर लावा. झिप पूर्ण लागली का, हे दुसऱ्याकडून तपासून घ्या. अर्धवट झिप ही नेहमीची चूक. मग उकिडवं बसून मानेचं गॅस्केट बोटाने किंचित उघडा आणि आतली हवा काढा, नाहीतर पाण्यात पाय फुगून वर येतात.

सूटमध्ये पाणी भरलं की माणूस दगडासारखा तळाला जातो, हे खोटं. पाण्यातल्या पाण्याला वजन नसतं. पण ऊब जाते, आणि कयाकवर चढताना ते सगळं पाणी उचलावं लागतं.

पहिल्या मोसमात ड्रायसूट भाड्याने घ्यावा, वेटसूट विकत. आपला सूट सुट्टीत बडोद्याला आणलात तर माळ्यावर टाकू नका. मे महिन्याच्या उष्णतेत लॅटेक्स चिकट होऊन फाटतं. सनस्क्रीन आणि तेलाचे हातही त्याला लागू देऊ नका. लाइफ जॅकेट दोन्हींवर हवंच. निओप्रीनची टोपी आणि हातमोजेही घ्या, कारण बोटं आधी जातात.