बीआर की आर-चॉप? बोटांच्या मुंग्यांनी केलेली निवड

फॉलिक्युलर लिंफोमात, म्हणजे लसिकाग्रंथींच्या सावकाश वाढणाऱ्या कर्करोगात, नुसतं लक्ष ठेवण्याचा काळ संपला आणि आता केमो घ्यायचीच असं ठरलं, की डॉक्टर बहुधा दोन नावं पुढे ठेवतात. एक बेंडामस्टिन आणि रिटुक्सिमॅब, म्हणजे बीआर, दुसरं आर-चॉप, म्हणजे रिटुक्सिमॅबसोबत चॉपची चार औषधं: सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिनक्रिस्टिन आणि प्रेडनिसोलोन. मी बीआर घेतलं. माझ्या थोरल्या भावाने त्याच्याआधी काही वर्षं आर-चॉप घेतलं होतं, पण त्याचा लिंफोमा डिफ्यूज लार्ज बी-सेल होता, झपाट्याने वाढणारा. त्या आजारात बीआर हा आर-चॉपचा पर्याय नाही, तेव्हा तसं निदान असेल तर पुढचं तुमच्यासाठी नाही. दादा त्या औषधाने बरा झाला, हेही आधीच सांगतो. खाली जे लिहिलंय ते आर-चॉपला नावं ठेवायला नाही.

सावकाश वाढणाऱ्या लिंफोमाबाबत डॉक्टर ज्या जर्मन अभ्यासाचा हवाला देतात, तो 2013 साली प्रसिद्ध झाला. त्यात पाचशेहून अधिक रुग्ण होते. आजार पुन्हा डोकं वर काढेपर्यंतचा मध्यम काळ बीआरमध्ये सुमारे 69 महिने निघाला, आर-चॉपमध्ये सुमारे 31. आकडा मोठा वाटतो, पण एकूण आयुष्यमानात दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. म्हणून मी त्या आकड्यावर फार विसंबलो नाही. दोन्ही औषधं काम करतात, तर मग कोणता त्रास आपण सोबत घेऊन जगू शकतो, हा माझ्यापुढचा प्रश्न होता.

केसांचं म्हणाल तर आर-चॉपमध्ये ते जातातच, बीआरमध्ये विरळ झाले तरी डोकं मोकळं होत नाही. केस परत येतात. डॉक्सोरुबिसिनमुळे हृदयाची काळजी असते, त्यासाठी आधी इको काढतात आणि आयुष्यभराच्या एकूण डोसची मर्यादा पाळतात. हेही निभावता येतं.

माझं घोडं अडलं ते व्हिनक्रिस्टिनपाशी. हे औषध नसांवर जातं. दादाला दुसऱ्या-तिसऱ्या सायकलनंतर बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या, मग टोकं बधिर झाली. शर्टाचं बटण लावताना तो बोटांकडे बघून लावायचा, कारण बटण हाताला लागतंय की नाही ते कळायचं नाही. गोळ्यांच्या पाकिटातून एक गोळी काढताना दोन निघायच्या, त्यातली एक खाली पडायची. त्यालाही वाटलं होतं की केमो संपली की हे थांबेल. पण व्हिनक्रिस्टिन बंद झाल्यावरही काही आठवडे हा त्रास वाढू शकतो आणि मग अगदी सावकाश उतरतो. पुष्कळांचा पुरता जातो, काहींचा थोडा उरतो. दादाचा थोडा उरला. त्यात बद्धकोष्ठता वेगळी, कारण ते आतड्याच्या नसांवरही जातं.

मला मधुमेह आहे आणि तळपायांना मुंग्या आधीपासून आहेत. चप्पल पायातून निसटली तरी चार पावलं पुढे गेल्यावर कळतं. पायांनी जी सवय लावली ती हातांनाही लागावी, हे मला नको होतं. शिवाय चॉपमध्ये दर सायकलला पाच दिवस रोज 100 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन असतं. साखरेचं काय होणार हे वेगळं सांगायला नको. डॉक्टरांनी व्हिनक्रिस्टिनचा डोस कमी करण्याची किंवा ते गाळण्याचीही तयारी दाखवली होती, आणि तसं खरोखरच करतात. पण चॉपच्या चार औषधांतलं एक सुरुवातीलाच वजा करायचं, तर मुळात दुसरा पर्याय का घेऊ नये, असं मला वाटलं.

त्या जर्मन अभ्यासात नसांचा त्रास आर-चॉपच्या गटात 29 टक्के, तर बीआरच्या गटात 7 टक्के रुग्णांना झाला. माझी बोटं शाबूत राहिली.

आता बीआरची बाजू, कारण ते सौम्य औषध आहे असं जे सांगितलं जातं ते अर्धंच खरं आहे. मळमळ मला चांगलीच झाली, उलटीची गोळी वेळ चुकवून चालायचं नाही. सलाईन चालू असताना शिरेत जळजळ व्हायची. तशी झाली तर गप्प बसू नका, नर्सला लगेच हाक मारा, कारण औषध शिरेबाहेर झिरपलं तर आजूबाजूच्या मांसाला इजा होते. अंगावर पुरळही उठतं. माझं किरकोळ होतं, पण बेंडामस्टिनसोबत अ‍ॅलोप्युरिनॉल चालू असेल तर त्वचेची गंभीर, जिवावर बेतणारी प्रतिक्रिया झाल्याच्या नोंदी आहेत. युरिक अ‍ॅसिडसाठी ती गोळी तुम्हाला दिली असेल तर किती दिवस घ्यायची हे स्पष्ट विचारा आणि फोड आले, तोंड सोललं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. सिप्रोफ्लॉक्सासिन हे नेहमीचं अँटिबायोटिकही बेंडामस्टिनचं रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांकडे गेलात तर केमोचा कागद दाखवल्याशिवाय औषध घेऊ नका.

बीआरची खरी किंमत मात्र उशिरा मोजावी लागते. लिंफोसाइट्स, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्यातही टी-पेशी, उपचार संपल्यावरही अनेक महिने, कधी त्याहून जास्त काळ, कमी राहतात. आपण बरे दिसतो, कामाला लागतो, आणि नागीण किंवा न्यूमोनिया अशा वेळी गाठतो. फॉलिक्युलर लिंफोमावरच्या 2017 च्या गॅलियम अभ्यासात बेंडामस्टिन घेतलेल्यांमध्ये गंभीर आणि जीवघेणे संसर्ग जास्त आढळले. केमो कोणती द्यायची हे तिथे चिठ्ठ्या टाकून नव्हे तर केंद्रांनीच ठरवलं होतं, त्यामुळे तुलना काटेकोर नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगीही नाही. मला संसर्ग टाळण्यासाठी कोट्रायमॉक्साझोल आणि असायक्लोव्हिर केमोनंतरही बराच काळ चालू ठेवायला सांगितलं होतं. या गोळ्यांचा कंटाळा येतो, तरी स्वतःच्या मनाने बंद करू नका. ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला तर आधी पॅरासिटामॉल घेऊन उतरवून बघण्याचा मोह टाळा आणि सरळ रुग्णालय गाठा. हे आर-चॉपलाही लागू आहे. रिटुक्सिमॅब दोन्हींत आहे आणि त्याने दबलेला हिपॅटायटिस बी पुन्हा उसळू शकतो, म्हणून त्याची तपासणी, सरफेस अँटिजेन आणि कोअर अँटिबॉडी दोन्ही, पहिल्या सलाईनच्या आधी झालीच पाहिजे.

मी माणसांना आर-चॉपकडे वळवतो ती अशा वेळी: पेट स्कॅनमध्ये एखादी गाठ बाकीच्यांपेक्षा फारच जास्त उजळली असेल, रक्ततपासणीतलं एलडीएच अचानक चढलं असेल, म्हणजे आजाराने आक्रमक रूप घेतल्याचा संशय असेल. आधी त्याच गाठीची बायोप्सी करायला सांगा. वय झालेल्या, छातीचे संसर्ग वारंवार होणाऱ्या माणसालाही बीआर सुचवताना मी कचरतो. अशांनी हलक्या पर्यायांबद्दल विचारावं. आणखी एक गोष्ट मला तेव्हा कुणी सांगितली नव्हती: पुढे कधी कार-टी उपचार घ्यायची वेळ आली तर त्यासाठी आपल्याच टी-पेशी काढून, कर्करोगाशी लढतील अशा बदलून परत द्याव्या लागतात, आणि अलीकडे घेतलेलं बेंडामस्टिन तिथे आडवं येऊ शकतं. तरुण रुग्णाने हे आधीच विचारून घ्यावं.

यातलं काहीच नसेल आणि हातापायांना आधीच मुंग्या असतील, तर माझा कल बीआरकडे आहे. डॉक्टरांना भेटताना त्या मुंग्यांचा उल्लेख आपणहून करा. दादाला पहिल्या सायकलआधी त्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं, मलाही नाही.