टाके: विरघळणारे की काढायचे?

टाके पडले की घरात पहिला प्रश्न हाच: ‘काढायला परत जायचंय का?’ ते धाग्यावर ठरतं.

बाळंतपणातले, तोंडातले, पोटाच्या आतल्या थरांचे टाके बहुधा विरघळणारे असतात. पूर्वी मेंढ्या-गुरांच्या आतड्यापासून केलेलं कॅटगट वापरत, आता व्हिक्रिलसारखे कृत्रिम धागे. व्हिक्रिलची ताकद साधारण ५ आठवड्यांत संपते, धागा पूर्ण विरघळायला साधारण २ महिने लागतात. आत जाऊन काढणं शक्यच नसतं, तिथे दुसरा विचार नको.

कातडीवरच्या जखमेला मात्र मला न विरघळणारं, नंतर काढायचं नायलॉनच बरं वाटतं. शरीर त्याला फारसं चिडत नाही. आईच्या गुडघ्यावर काळ्या गाठींची रांग होती, मुंगळे चालावेत तशी. सांधा सारखा हलतो म्हणून १४ दिवस ठेवले. चेहऱ्यावरचे सहसा ५ दिवसांतच काढतात, नाहीतर रुळांसारखे वण उठतात. सिस्टरनी चिमट्याने गाठ उचलली, कातडीला अगदी लागून एका बाजूने कापलं आणि ओढलं. असं कापलं की बाहेरचा मळका धागा जखमेतून जात नाही. आईला नुसतं चुरचुरलं.

लहान मुलं टाके काढताना फार घाबरतात. त्यांच्यासाठी विरघळणारा धागा चालेल का, हे डॉक्टरांना टाके घालण्याआधीच विचारा.