प्रायमरसकट येणाऱ्या सेकंडहँड रायफल पुंगळ्या: कुठल्या घ्याव्यात, कुठल्या टाळाव्यात

अमेरिकेत घरी काडतुसं भरणं कायदेशीर आहे आणि रेंजवर नियमित जाणाऱ्या बऱ्याच मराठी मंडळींच्या गॅरेजमध्ये आता रीलोडिंग प्रेस दिसतो. २०२० नंतर प्रायमरची (पुंगळीच्या बुडात बसून पावडर पेटवणारी छोटी टोपी) टंचाई झाली, भाव चढले, आणि तेव्हापासून ‘प्राइम्ड ब्रास’ म्हणजे प्रायमर आधीच बसवलेल्या पुंगळ्यांना (काडतुसाची पितळी कवचं) मोठी मागणी आली. पुंगळी आणि प्रायमर एकाच भावात मिळतात म्हटल्यावर सौदा स्वस्तच वाटतो. पण या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि त्यातली एकच विकत घेण्याच्या लायकीची आहे.

पहिली वस्तू ‘पुल्ड’. ही कधीच न उडवलेली पुंगळी असते. सैन्यासाठी बनलेली पण नाकारली गेलेली किंवा मोडीत काढलेली काडतुसं घेऊन त्यातली बुलेट ओढून काढतात, पावडर ओततात, आणि कारखान्यात बसवलेल्या प्रायमरसकट पुंगळी विकतात. ५.५६ मिमी मापात हा माल बहुतेक लेक सिटीचा असतो, म्हणजे मिझुरीतल्या इंडिपेंडन्स गावच्या १९४१ पासूनच्या सरकारी कारखान्याचा. बुडावर एलसी ही अक्षरं, वर्षाचे शेवटचे दोन आकडे आणि वर्तुळातला नाटोचा क्रॉस असला की ओळख पटते. मानेवर, म्हणजे बुलेट धरणाऱ्या अरुंद भागावर, तापवल्याचा निळसर-तपकिरी डाग असतो, प्रायमरच्या कडेला रंगीत लाखेची रेघ दिसते, आणि प्रायमर हलू नये म्हणून खोबणीची कड दाबून घट्ट केलेली असते (याला क्रिंप म्हणतात).

दुसरी वस्तू म्हणजे एकदा (किंवा किती वेळा ते देव जाणे) उडवलेली पुंगळी, जिच्यात कुणीतरी स्वतःच्या गॅरेजमध्ये नवा प्रायमर ठोकलेला आहे. प्रायमर साधा की मॅग्नम, तेलाच्या हातांनी बसवला का, पुंगळी किती ताणली गेली आहे, यातलं काहीच बाहेरून कळत नाही. आमचं मत स्पष्ट आहे: असा माल विकत घेऊ नये, फुकट मिळाला तरी विचार करावा. ७.६२ मिमी मध्ये तर जास्तच सावध राहावं. त्या मापाच्या सैनिकी पुंगळ्या बऱ्याचदा मशीनगनमधून उडालेल्या असतात. तिचं चेंबर (काडतूस बसतं ती जागा) सैल असतं, त्यामुळे पुंगळी बुडाच्या जरा वर आतून पातळ होते आणि पुढे तिथेच तुटते. नुसती पुंगळी असती तर वाकवलेल्या तारेचं टोक आतल्या भिंतीवरून फिरवून तो खड्डा शोधता आला असता. प्रायमर असतानाही हे करता येतं, पण तार फ्लॅश होलमध्ये (प्रायमरची ठिणगी आत येते ते भोक) जाऊन थेट प्रायमरला टोचणार नाही याची काळजी घेत प्रत्येक पुंगळी तपासायची, म्हणजे वाचलेले पैसे वेळेत गेले.

प्रायमरसकट पुंगळीची खरी अडचण ही की रीलोडिंगची नेहमीची पहिली तीन कामं करताच येत नाहीत. धुता येत नाही. टंबलरमध्ये (पुंगळ्या घुसळून साफ करणारं यंत्र) घालू नये, कारण त्यातल्या मीडियाचे, म्हणजे घासायच्या भुशाचे, कण फ्लॅश होलमध्ये अडकतात आणि जिवंत प्रायमर एकमेकांवर आपटत ठेवण्यात शहाणपण नाही. आणि नेहमीची सायझिंग डाय (पुंगळी दाबून मापावर आणणारा साचा) जशीच्या तशी वापरता येत नाही, कारण तिच्या मधल्या दांड्याची पिन प्रायमर बाहेर ढकलते.

माल आला की सगळ्यात आधी प्रत्येक पुंगळी उलटी करून बोटाने टिचकी मारा. पुल्ड मालात जुन्या पावडरीचे दाणे हमखास राहतात, विशेषतः मानेच्या आतल्या काळ्या डांबरी सीलंटला चिकटून. कुठली पावडर ते माहीत नसल्याने एकही दाणा आत राहता कामा नये. मग कोरडा नायलॉन ब्रश मानेत दोन-तीन वेळा पिळून फिरवा, पुंगळीचं तोंड खाली धरून, म्हणजे सुटलेलं डांबर आत पडणार नाही. हे डांबर ठेवलं तर प्रत्येक बुलेट वेगळ्या ताकदीने धरली जाते आणि निशाण्यावर ते दिसतं. बाहेरून पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओलसर केलेलं फडकं पुरतं. पुंगळी कशातही बुडवायची नाही, आणि डब्ल्यूडी-४० सारखं झिरपणारं तेल या टेबलाच्या आसपासही नको.

आता मान. बुलेट ओढून काढताना मान थोडी सैल झालेली असते, काहींचं तोंड अंडाकृती होतं. तपासायची सोपी रीत: ०.२२४ इंचाची बुलेट अंगठ्याने दाबून बघा. सहज सरकली तर पकड उरलेली नाही. मानेचं आतलं माप बुलेटपेक्षा साधारण दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) कमी हवं, म्हणजे ०.२२२ च्या आसपास. त्यासाठी सायझिंग करावंच लागतं. आरसीबीएस, रेडिंग, हॉर्नाडी यांच्या डायमध्ये पिन वेगळी काढता येते आणि एक्सपांडर (मान आतून मापाला उघडणारा गोळा) जागेवर राहतो. पिन काढा, बाकी तसंच. लीच्या नेहमीच्या रायफल डायमध्ये पिन आणि एक्सपांडर एकाच दांड्यावर असतात, म्हणून अख्खा दांडा काढावा लागतो आणि मान नंतर वेगळ्या मॅन्ड्रेलने (गुळगुळीत दांड्याने) उघडावी लागते. पिन काढली म्हणून बिनधास्त राहू नका. एक्सपांडर फार खाली बसवला तर तोही पुंगळीच्या बुडाला आतून टेकतो. पहिली पुंगळी प्रेसमध्ये अगदी सावकाश वर न्या, आणि कुठेही अडल्यासारखं वाटलं की थांबा.

वंगण म्हणून घट्ट सायझिंग मेण घ्यावं, स्प्रे नको. बोटाच्या टोकावरचा मेणाचा पुसट थर अंगाला पुरतो. मानेच्या आतून मात्र मेण लावू नका, तिथे कोरडं ग्रॅफाइट किंवा अभ्रकाची पूड. मेण आत सांडलं तर फ्लॅश होलपर्यंत पोचतं. प्रायमर तेलाने लगेच मरतो असं नाही, पण मधूनच एखादा उशिरा पेटतो किंवा पेटतच नाही, आणि तो कुठला हे आधी कळत नाही. बुडाला बोटं लावण्याची सवय याच कारणासाठी मोडायला हवी.

इथे एक धोका आहे ज्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. वंगण कमी पडून पुंगळी डायमध्ये अडकली, तर नेहमीचा उपाय म्हणजे बुडाला भोक पाडून, आटे पाडून स्क्रूने ओढणं. ते भोक प्रायमरच्या जागीच पडतं. जिवंत प्रायमरवर ड्रिल चालवायचं नाही, कितीही महागाची डाय असली तरी. ती डाय बाजूला ठेवा आणि नवी घ्या.

प्रोग्रेसिव्ह प्रेसवर (एका हँडलमध्ये अनेक टप्पे करणारा) काम करणाऱ्यांनी प्रायमर फीड बंद आहे आणि ट्यूब रिकामी आहे हे सुरुवातीलाच बघावं. सवयीने हँडल पुढे ढकललं आणि बसलेल्या प्रायमरवर दुसरा प्रायमर दाबला गेला तर तो पेटू शकतो. एका स्टेजचा प्रेस या मालाला जास्त योग्य आहे.

प्रायमरची खोली प्रत्येक पुंगळीची तपासा. बुडाच्या पातळीपेक्षा तीन ते पाच थाऊ आत असावा. स्टीलची सरळ पट्टी बुडावर ठेवून उजेडात धरली की वर आलेला प्रायमर लगेच दिसतो. एआर आणि गॅरंड या दोन्ही रायफलींमध्ये फायरिंग पिन मोकळी असते, बोल्ट बंद होताना ती प्रायमरला हलकं टेकते. वर आलेला प्रायमर तिथे बोल्ट पूर्ण लॉक व्हायच्या आधीच पेटू शकतो. असा प्रायमर पुन्हा दाबून खाली करायच्या भानगडीत पडू नका. पुंगळी बाद.

लांबी इंचांत मोजा: .२२३ (५.५६ च्या पुंगळीलाही हेच) साठी जास्तीत जास्त १.७६०, कापायची वेळ आली तर १.७५०. .३०८ (७.६२ ला हेच) साठी २.०१५ आणि २.००५. पुल्ड मालात कापायची गरज क्वचितच पडते, पण बुलेट धरणारा जुना क्रिंप तोंडाला आत वळवून गेलेला असतो, म्हणून आतून हलकं चॅम्फर करा (कड तिरकी घासा). तोंड खालीच धरायचं, पितळेचा भुगा आत राहू नये म्हणून. शेवटी प्रत्येक पुंगळी केस गेजमध्ये (माप तपासायची नळी) टाकून बघा. बूड गेजच्या तोंडावरच्या दोन पायऱ्यांच्या मध्ये बसलं पाहिजे.

पावडर किती, हे बुलेट किंवा पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या मॅन्युअलमधूनच, आणि दिलेल्या सुरुवातीच्या मापापासूनच. कारण प्रायमर तुम्ही निवडलेला नाही. सैनिकी प्रायमर मॅग्नमसारखा जोरकस असू शकतो. शिवाय ७.६२ ची लेक सिटी पुंगळी व्यापारी .३०८ पेक्षा जाड आणि जड असते, आत जागा कमी, म्हणून त्याच पावडरीला दाब जास्त. पाणी भरून आतली जागा मोजण्याची नेहमीची पद्धत इथे पहिल्या खेपेला चालत नाही. बुलेट बसवल्यावर तिचं टोक टेबलाच्या कडेवर जोराने दाबून बघा आणि व्हर्नियरने एकूण लांबी पुन्हा मोजा. बुलेट आत सरकली असेल तर मानेची पकड कमी आहे.

एखाद्या खोक्याबद्दल शंका असेल तर पाच-सहा रिकाम्या पुंगळ्या, पावडर-बुलेटशिवाय, रेंजवरच रायफलमध्ये घालून प्रायमर उडवून बघा. आवाज सगळ्यांचा सारखा यायला हवा. उडाल्यावर प्रायमर बुडातून थोडा बाहेर आलेला दिसेल, त्याने घाबरू नका. पुंगळीला मागे ढकलायला दाब नसतो म्हणून तसं होतं. अशा पुंगळीचा खांदा मात्र मागे सरकू शकतो, ती थेट भरायची नाही.

.३०-०६ चा जुना प्राइम्ड माल स्वस्त दिसला तर बुडावरचं वर्ष वाचा. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या अमेरिकी सैनिकी प्रायमरमध्ये नळी गंजवणारं क्षार असू शकतं. ते नेहमीच्या सॉल्व्हंटने जात नाही, त्याला पाणीच लागतं. परदेशी सरप्लस असेल तर प्रायमर बर्डन जातीचा निघू शकतो. आत टॉर्च मारली की एकाऐवजी दोन बारीक भोकं दिसतात. ती पुंगळी एकदाच वापरायची.

भावाचा हिशेब असा करा: साधी स्वच्छ पुंगळी अधिक तुमच्या आवडीचा नवा प्रायमर, यांच्या बेरजेपेक्षा प्राइम्ड माल ठळक स्वस्त हवा. बरोबरीचा असेल तर नको, कारण वाकडी तोंडं आणि वर आलेले प्रायमर बाद होणारच. विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारा: पुल्ड आहे की उडवलेली, आणि सगळ्यांचा हेडस्टॅम्प (बुडावरचा शिक्का) एक आहे का. सरळ उत्तर मिळालं नाही तर पुढे चला. अमेरिकी टपालाने हा माल येत नाही, खाजगी कुरिअरने जमिनीमार्गे येतो.

सुट्टीत भारतात जाणाऱ्यांनी रेंजला नेलेली बॅग प्रवासाला वापरू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्यात काडतुसाचे भागही ‘दारूगोळा’ धरले जातात. कप्प्यात राहिलेली एक पुंगळी मुंबई विमानतळावर पोलीस चौकशीला पुरते.

पुल्ड लेक सिटी मात्र योग्य भावात मिळाली तर जरूर घ्या. पितळ चांगलं, प्रायमर कारखान्यात बसवलेला, आणि पहिल्या खेपेला प्रायमरच्या खोबणीचा क्रिंप काढायचं काम वाचतं. ते काम दुसऱ्या खेपेला करावंच लागतं: उडालेला प्रायमर काढल्यावर खोबणीची दाबलेली कड स्वेजने किंवा रीमरने साफ करा. स्वेज कडेला मागे दाबतो, धातू कापत नाही, म्हणून तो बरा. रीमर जास्त फिरवला तर खोबणी सैल होते आणि नवा प्रायमर टिकत नाही.