बर्नहॅम बीचेस की एपिंग फॉरेस्ट? लंडनजवळच्या शांत रानात एक दिवस काढायचा तर

मे उजाडला की लंडनच्या आसपासच्या मराठी घरांतून एकच प्रश्न ऐकू येतो. आई-बाबा आलेत, बिग बेन झालं, ग्रीनिच झालं, नीस्डनचं स्वामिनारायण मंदिर झालं, आता पुढे काय? आणि आई-बाबांचं उत्तर ठरलेलं असतं: "गर्दी नको गं आता. जरा झाडाबिडांत नेऊन बसव."

मी स्लाउच्या बाजूला राहते. आधी माझे आई-वडील, मग सासू-सासरे, मग नवऱ्याची आत्या अशा सगळ्यांना घेऊन ज्या दोन रानांत वारंवार गेले ती ही दोन: पश्चिमेला बकिंगहॅमशायरमधलं बर्नहॅम बीचेस आणि ईशान्येला एसेक्सच्या हद्दीवरचं एपिंग फॉरेस्ट. दोन्हींची मालकी एकाच संस्थेकडे, सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनकडे आहे. दोन्हीकडे प्रवेश फुकट आहे आणि झाडं साधारण एकाच जातकुळीची आहेत. तरी अनुभव इतका वेगळा, की चुकीचं निवडलंत तर दिवस वाया गेल्यासारखा वाटतो.

आधी नावाचा घोळ मिटवू. "बीचेस" ऐकून आमच्या आत्या टोपी, चटई आणि बदलायचे कपडे घेऊन गाडीत बसल्या होत्या. समुद्र नाही हो, हा 'बीच' म्हणजे एक झाड. गुळगुळीत करड्या सालीचं, पालवी फुटताना इतकं पोपटी की डोळे दिपावेत. एपिंगमध्ये तर हाय बीच नावाचं गावच आहे आणि त्याचं स्पेलिंग समुद्रकिनाऱ्याचं करतात, त्यामुळे तिथे इंग्रज पाहुणेही फसत असतील.

दुसरा घोळ 'जंगल' या शब्दाचा. आपल्याकडे जंगल म्हटलं की माणसाचा हात न लागलेलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. ही रानं तशी नाहीत. इथल्या प्रत्येक म्हाताऱ्या झाडावर माणसाची कुऱ्हाड चाललेली आहे, आणि ती चालली म्हणूनच ते इतकं जगलं. माझे सासरे मूळचे संगमेश्वरकडचे. बर्नहॅममधलं पहिलंच झाड पाहून ते म्हणाले, "अरे, हा तर राबासाठी तोडलेला ऐन!" अगदी तेच. कोकणात भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपं करायच्या जमिनीवर जाळायला, ऐन-किंजळीची टहाळं दरवर्षी तोडतात, आणि खोड ठेंगणं, जाड, गाठाळ होत जातं. इथे सरपणासाठी तोडायचे. बुंध्यापासून तोडलं तर नवे धुमारे गुरं आणि हरणं खाणार, म्हणून गुरांच्या तोंडाला येणार नाही इतक्या उंचीवर छाटायचे. त्याला पोलार्ड म्हणतात. दर काही वर्षांनी डोक्यावरचं ओझं उतरल्यामुळे झाड उन्मळत नाही आणि शेकडो वर्षं टिकतं. शिवजन्माच्या वेळी उभी असलेली झाडं बर्नहॅममध्ये आजही आहेत, आणि तिथल्या 'ड्रुइड्स ओक'चं वय तर ८०० वर्षांच्या पुढे धरतात.

एपिंगमध्ये असे जुने पोलार्ड ५०,०००च्या वर आहेत, बीच, ओक आणि हॉर्नबीमचे. झाडं बघायचीत हे एकच कारण असेल तर आकड्यांत एपिंग जिंकतं. पण मी तरी बर्नहॅमच सुचवेन, कारण तिथे ती दाटीने आणि पायवाटेलगत भेटतात. अर्ध्या तासाच्या फेरीत पोकळ खोडं, कोपराच्या आकाराच्या फांद्या, मुळांचे पंजे असं सगळं बघून होतं. एपिंगमध्ये त्यासाठी चालावं लागतं.

आता मुख्य मुद्दा, शांततेचा. इथे मी जरा वेळ घेणार आहे, कारण फोटो बघून फसगत होते ती इथेच.

एपिंग सुमारे ६,००० एकरांचं. बर्नहॅम जेमतेम ५४० एकर. साहजिकच वाटतं, मोठं रान जास्त शांत. तसं नाही. एपिंग रुंदीला चिंचोळं आहे, लंडनच्या आतून उत्तरेकडे एपिंग गावापर्यंत पट्ट्यासारखं पसरलेलं, आणि त्याच्या मधोमध एपिंग न्यू रोड जातो. त्याची घरघर बऱ्याच आतपर्यंत येते. उत्तर टोकाला तर एम-२५ हा महामार्गच आडवा येतो, मात्र तिथे रान वाचावं म्हणून रस्ता जमिनीखालून बोगद्यातून नेला आहे. त्या बोगद्याच्या डोक्यावर क्रिकेटचं मैदान आहे. खाली सहा-आठ पदरी वाहतूक, वर पांढऱ्या कपड्यांतला फलंदाज हातमोजे सारखे करतोय. हे दृश्य मला कुठल्याही हरणापेक्षा जास्त इंग्लिश वाटतं.

शनिवार-रविवारी हाय बीचच्या चहाच्या टपरीपाशी मोटरसायकलवाल्यांचा मेळा भरतो. लोक भले असतात, गाड्या देखण्या असतात, पण शांतता मात्र विसरा. तिथून अर्धा तास चाललात तर चित्र पालटतं. लाउटन कॅम्प नावाचा लोहयुगातला मातीचा तट रानात दडलेला आहे. त्याच्या आसपास मी भर दुपारी पाऊण तास एकही माणूस न दिसता बसले आहे. म्हणजे एपिंगमध्ये शांतता आहे, पण ती चालून मिळवावी लागते.

बर्नहॅमचं उलटं. गाडीतून उतरल्यावर पाच मिनिटांतच आवाज कमी होतात, कारण आतले बहुतेक रस्ते गाड्यांना बंद आहेत. पण वरून विमानं जातात. हीथ्रो जवळ आहे, वाऱ्याची दिशा जशी असेल तसा त्रास कमी-जास्त. माझ्या वडिलांना त्याचं काहीच वाटलं नाही, उलट प्रत्येक विमान पाहून "हे मुंबईचं असेल काय?" असा त्यांचा विरंगुळा झाला. तुम्हाला पूर्ण निःशब्दता हवी असेल तर मात्र हे आधीच माहीत असलेलं बरं. आणि रविवारी अकरानंतर बर्नहॅमही भरतं: कुत्री, बाबागाड्या, वाढदिवसाच्या टोळ्या. दोन्ही ठिकाणांसाठी माझा अनुभव सांगते, मंगळवार ते गुरुवार सकाळी दहाच्या आत पोचलात तर रान जवळपास तुमचंच असतं.

जायचं कसं? गाडी नसेल तर एपिंग, यात वादच नाही. ट्यूबच्या (लंडनच्या भुयारी रेल्वेच्या) सेंट्रल लाइनने लिव्हरपूल स्ट्रीटहून लाउटनला अर्ध्या तासाच्या आसपास लागतो आणि स्टेशनातून पंधरा-वीस मिनिटांत झाडी सुरू होते. त्याच लाइनवर पुढे असलेलं थेडन बॉइझ स्टेशन मला जास्त आवडतं. तिथे तळ्याकाठचं गाव ओलांडून सावकाश रानात शिरता येतं. (स्पेलिंग Bois आहे, पण फ्रेंच समजून 'ब्वा' म्हणू नका, तिकीटवाल्याला कळणार नाही.) तिसरी वाट चिंगफर्डची. स्टेशनपासून दहा मिनिटांवर १५४३ साली आठव्या हेन्रीसाठी बांधलेली लाकडी शिकारमाडी आहे, हंटिंग लॉज. लहान मुलं असतील तर इथूनच सुरुवात करा, पुढे कॉनॉट वॉटर हे तळं आहे आणि त्याच्या कडेने सोपी, सपाट वाट.

बर्नहॅमला जवळची स्टेशनं एलिझाबेथ लाइनवरची, बर्नहॅम आणि स्लाउ. दोन्हीकडून पुढे काही मैल रस्त्याने जायचं असल्यामुळे टॅक्सी करावी लागते. ज्येष्ठांना घेऊन बसच्या वेळा जुळवत बसू नये असं माझं मत. चार जण असाल तर टॅक्सी परवडते.

गुडघ्यांचा प्रश्न असेल तर? बर्नहॅम. मुख्य वाहनतळाजवळ कॅफे आहे, स्वच्छतागृह आहे, आणि तिथून पक्क्या वाटा निघतात ज्यांवर व्हीलचेअरही जाते. चहा, बाक, थोडं चालणं, पुन्हा बाक असा सासूबाईंचा दिवस तिथे छान गेला. एपिंगमध्ये चढउतार आहेत आणि पावसानंतरचा तिथला चिखल म्हणजे लावणीच्या वेळचं खाचर. तिथल्या चिकणमातीत माझ्या दिरांचा एक बूट अक्षरशः गिळला गेला होता.

गोष्टींची आवड असलेले पाहुणे असतील तर पारडं पुन्हा एपिंगकडे झुकतं. बर्नहॅमची हकिगत छोटी आहे: १८७९ मध्ये ही जमीन बंगले बांधायला उत्तम अशी जाहिरात करून विक्रीला काढली गेली, लोकांनी आवाज उठवला, आणि १८८० मध्ये कॉर्पोरेशनने ती विकत घेतली. एपिंगची हकिगत म्हणजे वहिवाटीच्या हक्काचं भांडण आहे, आणि आपल्या गावकीत मुरलेल्या कुठल्याही माणसाला ती चटकन समजते. लाउटनच्या लोकांना हिवाळ्यात फांद्या तोडायचा जुना हक्क होता. ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्री कुणीतरी पहिली कुऱ्हाड घातली नाही तर तो बुडणार अशी समजूत होती. जमीनदाराने रान कुंपणात घ्यायला सुरुवात केली. टॉमस विलिंगेल नावाच्या मजुराने तरीही तोड थांबवली नाही, आणि १८६६ मध्ये त्याच्या घरातल्यांना तुरुंगात जावं लागलं. गावात सांगतात की त्याआधी जमीनदाराच्या बाजूने गावकऱ्यांना दारूचं जेवण देऊन ११ नोव्हेंबरच्या रात्री गुंगवायचा डाव टाकला होता, पण विलिंगेल वेळेवर उठून रानात गेला आणि फांदी घेऊनच परतला. शेवटी १८७८ च्या कायद्याने कुंपणं थांबली आणि रान सगळ्यांसाठी खुलं झालं. १८८२ मध्ये व्हिक्टोरिया राणी हाय बीचला आली आणि तिने ते प्रजेच्या उपभोगासाठी अर्पण केल्याचं जाहीर केलं. गंमत अशी, की त्याच कायद्याने फांद्या तोडायचा हक्कही गेला. बदल्यात लाउटनला एक सभागृह मिळालं, १८८४ चं, नाव लॉपिंग हॉल. म्हणजे तोडणीघर! ते अजून उभं आहे, स्टेशनच्या वाटेवरच बघून घ्या.

आणि तोडणी थांबल्याचा परिणाम तुम्ही रानात प्रत्यक्ष बघता. दीडशे वर्षं न छाटलेल्या फांद्या आता झाडांएवढ्या जाड झाल्यात आणि जुनी खोडं त्यांच्या भाराने फाटतात. म्हणून वारं असेल त्या दिवशी म्हाताऱ्या बीचखाली डबे उघडून बसू नका. काही झाडांभोवती कुंपण दिसेल, ते मुळांवरची माती पायांनी दडपू नये म्हणून. फोटोसाठी ओलांडू नये.

तुम्हाला निळी फुलं बघायची असतील, म्हणजे ते ब्लूबेलचे गालिचे, तर हे दोन्ही पर्याय बाजूला ठेवा. त्यासाठी हर्टफर्डशायरमधलं ॲशरिज. नॅशनल ट्रस्टच्या ताब्यातलं ५,००० एकरांचं रान, युस्टनहून ट्रिंग स्टेशनला पोचायला पाऊण तास. तिथलं डॉकी वुड एप्रिलच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत असं निळं होतं की कासच्या पठाराची आठवण यावी. आठवणीचा दुसरा भागही तोच: गर्दी. गेली काही वर्षं मोसमात शनिवार-रविवारी तिथे तिकीट लावतात, कारण पायाखाली पानं चिरडली तर ते रोप पुढच्या वर्षांसाठी कमजोर होतं. फुलं तोडू नका. आणि कंद उपटणं तर कायद्याने गुन्हा आहे. ट्यूबनेच जायचं असेल तर एपिंगच्या दक्षिण टोकाला वॉन्स्टेड पार्कमधलं शॅले वुड आहे. आकाराने लहान, पण फुलांत कमी नाही.

"न्यू फॉरेस्ट का नाही?" असं कुणीतरी विचारतंच. सुंदर आहे, मोकळी सुटलेली तट्टं आहेत, पण वॉटर्लूहून दीड तास आणि पुढे बरंच फिरणं. एका दिवसात नेऊन आणलंत तर आई-बाबा रानापेक्षा प्रवासच जास्त आठवतील. तिथे मुक्कामाने जा.

ऋतूचं थोडक्यात. बीचचा रंग बघायचा तर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा, आणि तेव्हा बर्नहॅमला तोड नाही. सगळं रान तांब्याच्या हंड्याच्या आतल्यासारखं दिसतं. डिसेंबरमध्ये चारलाच अंधारतं, एपिंगमध्ये त्या वेळी आत खोल असू नका. वाटा फुटत जातात आणि सगळ्या सारख्या दिसतात.

आमच्याकडच्या ज्येष्ठांना भीती वाटली ती दोनच गोष्टींची. पहिली कुत्री. इथे कुत्री बरीचशी मोकळी फिरतात. बर्नहॅमच्या काही भागात त्यांना दोरीने धरणं सक्तीचं आहे, कॅफेजवळच्या नकाशावर तो भाग दाखवलेला असतो, तिकडूनच फिरा. दुसरी, एपिंगमधल्या लाँगहॉर्न गाई. लांब वाकडी शिंगं, गळ्यात जीपीएसचा पट्टा. आत्या मात्र बिनधास्त जवळ जाऊन नमस्कार करून आल्या, घाबरलो आम्हीच.

खरी काळजी घ्यायची ती गोचिडीची. गवतातून चालून आल्यावर पोटऱ्या, गुडघ्यांमागचा भाग, मुलांचे कान नीट तपासा. चावलेल्या जागेभोवती पुढच्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत लाल चट्टा पसरत गेला तर डॉक्टरला दाखवा, लाइम रोगाची ती खूण असते. साडी किंवा सलवार असली तरी आत लांब मोजे घालायला लावा. पायाला जुने बूट, डब्यात कोरडं खाणं. गाडी आत ठेवलीत तर संध्याकाळी फाटक कधी बंद होतं ते आत शिरतानाच पाटीवर बघून ठेवा.