आमच्या पेपरातल्या कोर्टाच्या बातम्या: पाचपैकी दोन गुण

गोरेगावात आमच्याकडे गेली कित्येक वर्षं एकच मराठी पेपर येतो. स्थानिक बातम्या आणि नाटकांच्या जाहिराती यांसाठी तो मी कुणालाही घ्यायला सांगेन. निवडणुकीच्या खटल्यांच्या बाबतीत मात्र तो वाचकाला उपाशी ठेवतो.

२०२४ च्या लोकसभेला आमच्या वायव्य मुंबईत रवींद्र वायकर यांना ४,५२,६४४ मतं पडली, अमोल कीर्तिकर यांना ४,५२,५९६. फरक ४८ मतांचा! एवढे मतदार आमच्या सोसायटीच्या एका विंगेत निघतील. कीर्तिकर हायकोर्टात गेले. १९ डिसेंबरला न्या. संदीप मारणे यांनी याचिका फेटाळली. दुसऱ्या दिवशी पेपरात काय? एकाला दिलासा, दुसऱ्याला धक्का, दोघांचे फोटो, मग दोन्ही पक्षांच्या प्रतिक्रिया.

का फेटाळली, ते शेवटच्या परिच्छेदात एका ओळीत. खरी बातमी तिथेच होती. साक्षीपुरावे झालेच नव्हते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८३ प्रमाणे, नेमकं काय घडलं आणि त्याने निकाल कसा बदलला, हे याचिकेतच मांडावं लागतं. ते मांडलेलं नाही म्हणून याचिका उंबरठ्यावरच अडली. वाद मुख्यतः प्रदत्त मतांचा होता. आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल, तर आपल्याला कागदी मतपत्रिका देतात, ते प्रदत्त मत. हे आमच्यापैकी कुणावरही येऊ शकतं, आणि पेपरात त्याचा अर्थसुद्धा दिलेला नव्हता. सुप्रीम कोर्टात अपिलाला तीस दिवस असतात, तेही नाही.

याच पेपराने त्याच वर्षी फेब्रुवारीत चंदीगड महापौर निवडणुकीचा निकाल किती छान दिला होता! एकूण मतं ३६. मनोज सोनकर १६, कुलदीप कुमार १२, आणि निवडणूक अधिकारी अनिल मसीह यांनी बाद ठरवलेली ८. सुप्रीम कोर्टाने ती ८ कुलदीप कुमार यांची वैध मतं धरली आणि ते एकूण २० मतं मिळवून महापौर झाले. सगळं एका चौकटीत, शाळकरी मुलालाही कळेल असं. म्हणजे येतं त्यांना. तिथे मतमोजणीचं कॅमेऱ्यातलं चित्रण होतं, म्हणून मेहनत घेतली असावी. कायद्याच्या मुद्द्यावर सुटलेल्या खटल्यालाही तेवढीच जागा हवी.

वर्गणी बंद करणार नाही. संपादकांना पत्र टाकलंय: अशा प्रत्येक बातमीत याचिका कशावर होती, कोर्टाने काय तपासलं, काय तपासलंच नाही आणि पुढे दाद कुठे, एवढी चौकट द्या. फोटो लहान केलेत तरी चालेल.