बर्डीची तांब्याची पट्टी, बोटीच्या अर्थिंगसाठी: ४/५

नागपुरातल्या सीताबर्डीच्या बाजारातली ही ३ इंची पट्टी एचएफ (लांब पल्ल्याच्या) रेडिओला उत्तम. व्हीएचएफला (जवळच्या पल्ल्याच्या रेडिओला) तिची गरजच नाही, अंबाझरी तलावातल्या बोटीला तर नाहीच. समुद्रातल्या बोटींसाठी माल कोकणात पाठवणाऱ्यांनी घ्यावी.

सलग लावली तर रेडिओची निगेटिव्ह, इंजिन, प्रोपेलर आणि पाण्यातली ब्राँझ प्लेट असं सर्किट पूर्ण होतं, आणि त्यातला जास्त क्रियाशील धातू झिजतो. म्हणून मध्ये २-३ मिमी फट कापा. तिच्यावर ०.१ मायक्रोफॅरडचे चार सिरॅमिक कपॅसिटर, पाय आखूड ठेवून, सोल्डर करा. ७ मेगाहर्ट्झला एकेकाचा अडथळा पाव ओहमहूनही कमी. धातू झिजवणारा डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) मात्र अडतो. प्लेटला जोडण्याआधी मल्टीमीटर लावा, फटीवर ‘ओपन’च (जोड नाही असं) दिसायला हवं.

एक गुण कापला तो मागच्या गोंदासाठी. त्याच्यावर विसंबून जोड देऊ नका.