क्रीडाग्रामातला पुठ्ठ्याचा पलंग: छोट्या पथकाला कितपत पुरतो?

टोकियो २०२० आणि पॅरिस २०२४, दोन्ही ऑलिम्पिकच्या क्रीडाग्रामांत एअरवीव्ह या जपानी कंपनीचे पलंग होते. चर्चा झाली ती पुठ्ठ्याच्या सांगाड्याची, आणि तीही बहुतेक थिल्लर. खरा माल वर आहे, गादीत.

सांगाड्याचं आधी उरकून घेऊ. टोकियोत लांबी २१० सेंटिमीटर आणि भार २०० किलोपर्यंत सांगितला होता. आयर्लंडचा जिम्नॅस्ट रिस मॅक्लेनाघन त्यावर उड्या मारून दाखवून मोकळा झाला. इस्रायलच्या बेसबॉल संघाने एकेक गडी वाढवत नेला आणि नवव्याला पलंगाने मान टाकली. पुठ्ठा पसरलेलं वजन पेलतो, एका जागी आदळलेलं नाही. म्हणून कडेवर धपकन बसू नये, आणि ओला टॉवेल तर अजिबात टाकू नये. भिजलेली पन्हळ एकदा दबली की पुन्हा उभी राहत नाही.

गादी म्हणजे पॉलिएथिलीनच्या धाग्यांचे, वाळलेल्या शेवयांसारखे गुंतलेले तीन सुटे ठोकळे: खांद्यांखाली एक, कमरेखाली एक, पायांखाली एक. ठोकळा उलटा केला की कडकपणा बदलतो. पॅरिसमध्ये ऑस्ट्रेलियाच्या वॉटरपोलो खेळाडूंनी ‘दगडासारखी’ म्हणून तक्रार केली, तेव्हा त्यांच्या पथकाने वर घालायला मऊ गाद्या दिल्या. भूतानचं पथक तिथे तीन खेळाडूंचं होतं: एक तिरंदाज, एक जलतरणपटू, एक मॅरेथॉनपटू. नाउरू, बेलीझ, सोमालिया, लिश्टेनश्टाइन यांचा तर एकेकच खेळाडू. एवढ्याशा पथकाने जादा गाद्या वाहून आणायच्या कशा? त्यांच्यासाठी ठोकळे उलटणं हाच उपाय, आणि तो चांगला आहे.

हत्यार काही लागत नाही. खोळीची चेन उघडा, ठोकळा उपसा, उलटा करून बसवा. कुशीवर झोपणाऱ्याने खांद्यांचा ठोकळा मऊ बाजूने ठेवावा, नाहीतर खालचा हात बधिर होतो. तिरंदाज आणि जलतरणपटूंना हे परवडणारं नाही. पाठीवर किंवा पोटावर झोपणाऱ्याला कमरेखाली कडक बाजू हवी. एका वेळी एकच ठोकळा बदलावा, तोही पहिल्या दोन रात्रींत. स्पर्धेच्या आदल्या रात्री प्रयोग नकोत. कडक आणि मऊ शेजारी आले की सांध्यावर पायरी जाणवते. बुटक्या खेळाडूची कंबर नेमकी त्या सांध्यावर येते. अशा वेळी गादीला हात न लावता उशीच जरा खाली सरकवावी.

गादी डागाळली तर खोळ काढून ठोकळा थंड पाण्याच्या शॉवरखाली धरावा आणि उभा करून निथळू द्यावा. गरम पाण्याची पिशवी किंवा शेकायचं विजेचं पॅड मात्र लांब ठेवा. स्नायू आखडले की हात आधी त्याकडेच जातो, पण उष्णतेने हे धागे मऊ पडतात आणि तिथे कायमचा खळगा होतो.

पॅरिसच्या इमारतींत एसीऐवजी जमिनीखालच्या गार पाण्यावर चालणारी यंत्रणा होती. ज्यांना जमलं त्या पथकांनी सुटे एसी आणले. भारतीय खेळाडूंसाठीही क्रीडा मंत्रालयाने ४० पाठवले. बाकीच्यांना या गादीतून आरपार खेळणारी हवाच काय तो दिलासा. वर फोमची जाड गादी घातली की तीही अडते, त्यामुळे उकाड्यात मोठ्या पथकांचा थाट हेवा करण्याजोगा नाही. गारठ्यात मात्र हाच गुण उलटतो आणि पाठीखालून थंडी लागते. तेव्हा पांघरूण दुहेरी करून चादरीखाली घालावं.